फाटकाजवळचा फळा : एका गृहनिर्माण संस्थेतल्या निसर्गनोंदींचा प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

पुण्याच्या पश्चिम भागातली ही सहकारी गृहनिर्माण संस्था १९८० च्या दशकात उभी राहिली. संस्थेचं आणि माणसांची नावं इथे दिलेली नाहीत. तीन इमारती, प्रत्येकी तीन मजले, लिफ्ट नाही. आवार त्या काळच्या मानाने ऐसपैस. फाटकाशी उंच बूच, पार्किंगवर पसरलेला सोनमोहोर, मागच्या भिंतीलगत करंज, कडुनिंब आणि एक रायवळ आंबा. ‘ब’ इमारतीच्या कोपऱ्यावर पारिजातक. तळमजल्याच्या बाल्कन्यांत तुळस, कढीपत्ता, गवती चहा हे नेहमीचं.

मूळ सभासद आता साठी-सत्तरीतले. बरेच फ्लॅट भाड्याने गेलेले, त्यांत नोकरदार जोडपी आणि विद्यार्थी. जुन्यांची नव्यांशी ओळख जिन्यात वाट देण्यापुरती.

अडचण

सप्टेंबरमधल्या वार्षिक सर्वसाधारण सभेत झाडांचा विषय निघाला. सोनमोहोरावर रात्री साळुंक्या बसतात, गाड्या खराब होतात. उन्हाळ्यात त्याची फुलं पन्हळीत अडकतात. बुचाचं लाकूड ठिसूळ, वळवाच्या वाऱ्यात एक फांदी कुंपणाच्या भिंतीवर पडली होती. आणि रात्रपाळी करून येणाऱ्या एका भाडेकरूची तक्रार होती की पहाटे चारपासून कोकीळ झोपू देत नाही. दोन्ही झाडं काढून टाकावीत असा ठराव मांडला गेला.

सचिवांनी कायदा सांगितला. महाराष्ट्र (नागरी क्षेत्र) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, १९७५ नुसार वृक्ष प्राधिकरणाच्या परवानगीशिवाय झाड तोडता येत नाही आणि फांद्या छाटायच्या तरी महापालिकेच्या उद्यान विभागाकडे अर्ज करावा लागतो. त्यावर चर्चा तापली. पण त्या चर्चेतली खरी उणीव वेगळी होती. साळुंक्या नेमक्या कोणत्या फांदीवर बसतात, किती गाड्यांना त्रास होतो, वर्षभर होतो की काही महिनेच, हे कुणालाच सांगता येईना. तीस-पस्तीस वर्षं त्या झाडाखालून ये-जा करणाऱ्यांनाही येईना.

त्याच सभेत एका निवृत्त बँक कर्मचाऱ्याने एक वाक्य टाकलं, ते इतिवृत्तात आलं नाही, पण पुढे कामाला आलं. “आपल्याकडे आता बोलायला तीनच विषय उरलेत. पाणी, पार्किंग आणि पुनर्विकास.”

ठराव वर्षभर पुढे ढकलला गेला आणि झाडांची माहिती गोळा करायला तिघांचा गट नेमला. त्यात हे काका होते, एक शाळेतल्या विज्ञानशिक्षिका होत्या आणि ‘क’ इमारतीतली एक महाविद्यालयीन भाडेकरू मुलगी.

पुढे आलेले पर्याय

पहिला पर्याय व्हॉट्सॲप गट. फुकट, सोपा, लगेच सुरू होणारा. तो नाकारला गेला, कारण संस्थेच्या आधीच्या गटात काय होतं हे सगळ्यांना ठाऊक होतं. सकाळी सहाला शुभेच्छांची फुलं येतात आणि ती फुलं आवारातली नसतात.

दुसरा पर्याय महिन्यातून एकदा तज्ज्ञांसोबत निसर्गफेरी. ती चांगलीच असते, पण ज्यांना आधीपासून आवड आहे तेच येतात आणि बाकीचे २९ दिवस रिकामे जातात. तिसरा पर्याय झाडांना नावांच्या पाट्या लावायचा. हे अनेक संस्था करतात. पाटी एकदा वाचली जाते आणि वाचणाऱ्याला वाटतं, झाड कळलं.

चौथा पर्याय शिक्षिकाबाईंनी सुचवला, सीझनवॉचसारख्या नागरिक-विज्ञान उपक्रमात नोंदणी करण्याचा. त्यात एकच झाड निवडून दर आठवड्याला पालवी, फुलं, फळं किती आहेत ते नोंदवायचं असतं. ही पद्धत भक्कम आहे. मात्र ॲपवर नोंद करणारा एकटा करतो, शेजाऱ्याला कळत नाही. म्हणून तो आंब्यापुरता आणि मुलांसाठी ठेवला.

शेवटी फाटकाजवळ साधा खडूचा फळा लावायचं ठरलं. यामागचा विचार शिक्षिकाबाईंनी नीट मांडला. कॅनडातल्या हॉली-ॲन पासमोर आणि मार्क होल्डर यांनी २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात विद्यार्थ्यांना दोन आठवडे रोजच्या वाटेवरच्या निसर्गाकडे लक्ष द्यायला आणि त्याने मनात काय उमटतं ते टिपायला सांगितलं होतं. बाहेर जास्त वेळ घालवा असं सांगितलं नव्हतं. तरीही त्यांचं मन अधिक प्रसन्न राहिल्याचं आणि इतरांशी जोडलेपण वाढल्याचं दिसलं. म्हणजे वेळ वाढवायची गरज नाही, दृष्टी एका जागी ठरवायची गरज आहे. आजी-आजोबांना आणि धावपळीतल्या नोकरदारांना जमेल असं तेवढंच होतं.

फळा कसा मांडला

फळा चार फूट बाय तीन फूट. पांढरा बोर्ड घेतला नाही. उन्हात तो चमकतो, मार्करचे डाग राहतात आणि मार्कर सुकला की कुणी नवा आणत नाही. जागा सुरक्षारक्षकाच्या केबिनशेजारी, पत्रपेट्यांच्या समोर, छज्जाखाली. तिथे प्रत्येकाचे पाय तसेही थांबतात. खालची कड जमिनीपासून अडीच फुटांवर, म्हणजे पहिलीतल्या मुलाचा हात पोचतो आणि खुर्चीवर बसून लिहिता येतं. खडू झाकणाच्या डब्यात, कारण पावसाळी हवेत उघडा खडू मऊ पडतो आणि उमटत नाही. संस्थेच्या सूचनांचा फलक वेगळा राहिला. पाणी येणार नाही आणि तांबट पक्षी ओरडतोय या दोन गोष्टी शेजारी लिहिल्या की माणूस पहिलीच वाचतो.

तीन रकाने आखले : वेळ, जागा, आणि काय दिसलं, ऐकू आलं किंवा कसला वास आला. नियमही तीनच. नोंद आवारातलीच हवी. आजचीच हवी. स्वतःच्या डोळ्या-कानांची हवी. एका नोंदीला एक ओळ. शनिवारी संध्याकाळी सगळ्या नोंदी दोनशे पानी वहीत उतरवायच्या आणि रविवारी सकाळी फळा पुसायचा. पुसणं महत्त्वाचं असतं. भरलेल्या फळ्यावर कुणी लिहीत नाही, कोऱ्या फळ्यावर हात जातो.

सुरुवात दसऱ्यानंतर केली, आणि हा काळ उत्तम निघाला. पुण्यात ऑक्टोबर-नोव्हेंबरात बूच फुलतो, पारिजातकाचा बहर सरत आलेला असतो आणि शेजारच्या रस्त्यावरची सातवीण रात्री आठनंतर वास सोडते. उघड दिसणारं, वास येणारं, हाती लागणारं बरंच काही असतं. मे महिन्यात सुरू केलं असतं तर निम्मी घरं सुट्टीला गेलेली असती.

पहिले महिने : काय बिघडलं, काय रुळलं

पहिल्या आठवड्यात सुविचार आले. दुसऱ्यात “वा, किती सुंदर सकाळ” अशा नोंदी. गटाने पुसून टाकल्या नाहीत. शेजारी रंगीत खडूने इतकंच लिहिलं : “कुठे? किती वाजता?” हळूहळू लिहिणाऱ्याला सवय लागली. “सुंदर सकाळ”ची जागा “६.४०, बुचाखाली, फुलं अजून पडतायत, एक डोक्यावर पडलं” अशा ओळींनी घेतली. वाचणाऱ्यालाही दुसऱ्या दिवशी ६.४० ला तिथे थांबावंसं वाटतं, हा या नोंदीचा गुण.

नावांचा प्रश्न जास्त चिवट होता. एकाने “हळद्या” लिहिलं, दुसऱ्याने खोडून “तांबट” केलं, आणि पहिल्याने लिहिणंच सोडलं. चूक दाखवली गेली की हौशी माणूस गप्प होतो. मग ठरलं की नाव लिहायचं नाही, खूण लिहायची. आकार चिमणी, साळुंकी, कावळा यांच्या तुलनेत, दोन रंग, आणि काय करत होता. “चिमणीपेक्षा थोराड, हिरवा, कपाळ लाल, एकाच तालात टुक् टुक्, मान फिरवत” एवढं लिहिलं की तांबट कुणालाही ओळखता येतो. नाव शनिवारी शिक्षिकाबाई निळ्या खडूने शेजारी लिहीत, खात्री असेल तरच. नाव उशिरा येण्याचा फायदा असा की आठवडाभर लोक पाहत राहतात. नाव कळलं की पाहणं बहुधा थांबतं.

नोंद करणाऱ्याचं नाव लिहायचं नाही, हाही निर्णय तेव्हाच झाला. आधी फ्लॅट क्रमांक लिहीत होते, तेव्हा कुणाच्या किती ओळी याची मोजणी सुरू झाली होती.

सर्वांत जास्त वाचली गेलेली नोंदमालिका मात्र पक्ष्यांची नव्हती. ‘ब’ इमारतीतल्या तळमजल्याच्या आजींच्या कढीपत्त्याची होती. पहिली ओळ : “कढीपत्त्याच्या पानावर पक्ष्याची घाण.” दुसऱ्या दिवशी : “घाण दुसऱ्या पानावर सरकली.” ती कॉमन मॉरमॉन फुलपाखराची अळी होती. लहानपणी ती काळपट-तपकिरी आणि मधे पांढरट पट्ट्याची, हुबेहूब विष्ठेसारखी असते, म्हणून पक्षी तिला सोडून देतात. मोठी झाली की कात टाकून हिरवी होते आणि पानात मिसळते. काडीने हलकेच स्पर्श केला तर डोक्यामागून लालसर दुहेरी शिंग बाहेर काढते आणि त्याला उग्र वास येतो. आजींनी वासही लिहिला : “कुजक्या संत्र्याचा.” पुढे अळीने फांदीला कोष बांधला आणि दहा-बारा दिवसांनी सकाळी काळं फुलपाखरू बाहेर येऊन पंख वाळवत बसलं. त्या सकाळी आजींच्या बाल्कनीखाली वरच्या मजल्यावरचे भाडेकरू उभे होते, त्यांतले काही आजींशी पहिल्यांदाच बोलत होते.

मधे एक अडचण आली. शेजारणीने रोप वाचवायला कीटकनाशक फवारायचं सुचवलं. आजींनी हिशेब केला. चांगलं मुरलेलं, तीन फुटांचं रोप चार-पाच अळ्या सहज सोसतं आणि पुन्हा फुटतं. एक वीतभर रोप असेल तर मात्र एकच अळी ठेवावी, बाकीच्या उचलून मोठ्या झाडावर सोडाव्यात. दुसऱ्या एका कोषातून फुलपाखराऐवजी बारीक परजीवी माश्या निघाल्या. ती नोंदही फळ्यावर गेली, आणि ते बरं झालं. पाहायचं तर तेही पाहावं लागतं.

सफाईचा प्रश्न

आवार झाडणाऱ्या मावशी सहाला येत. जमिनीवर काय पडलंय हे त्यांच्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं. बुचाचा सडा कोणत्या दिवशी दाट पडला, पारिजातक कधी सुरू झाला आणि कधी थांबला, कडुनिंबाची पिवळी पानं कोणत्या आठवड्यात एकदम गळली, हे त्यांना तोंडपाठ. त्या लिहीत नव्हत्या. फळा लावून तीन आठवडे झाले तरी त्यांना कुणी विचारलं नव्हतं. सुरक्षारक्षक काकांनी विचारलं आणि त्यांच्या तोंडच्या ओळी स्वतःच्या अक्षरात लिहायला सुरुवात केली. वहीतल्या सगळ्यांत नेमक्या नोंदी त्यांच्याच आहेत.

मग मुलांनी मागणी केली की बुचाची फुलं आठपर्यंत झाडू नयेत. लांब देठाच्या त्या फुलांची सुई-दोऱ्याशिवाय वेणी विणता येते, देठात देठ अडकवून, पण फूल ताजं हवं. उन्हं वर आली की पाकळ्या तपकिरी होतात. मागणी गोड होती. पण मावशींना आठ वाजता दुसऱ्या संस्थेत पोचायचं असे. थांबल्या तर तिथला पगार कापला जायचा. शेवटी बुचाखालचा दहा फूट बाय दहा फुटांचा चौकोन चुन्याने आखला आणि तो मावशींच्या कामातून वजा केला. तो भाग पाळीपाळीने रहिवासी संध्याकाळी झाडतात. चालण्याची वाट मात्र सर्वांत आधी झाडायची, कारण ओली फुलं निसरडी होतात आणि आवारात काठी घेऊन चालणारे बरेच आहेत.

घरट्याचं चुकलेलं पाऊल

मार्चमध्ये ‘क’ इमारतीच्या मीटर बॉक्सजवळच्या मधुमालतीत लालबुड्या बुलबुलाने वाटीसारखं घरटं केलं. नोंद नियमाप्रमाणे झाली : वेळ, जागा, “तीन अंडी, गुलाबीसर, तांबूस ठिपके”. नियमच इथे नडला. संध्याकाळपर्यंत मुलांची रांग लागली. कुणीतरी फोटोसाठी दोन फांद्या बाजूला केल्या. आडोसा गेला. बुलबुल सतत उडून जात राहिले, आणि चौथ्या दिवशी भारद्वाजाने अंडी खाल्ली. त्याच आठवड्यात फळ्यावर “भारद्वाज दिसला, दिवस चांगला जाणार” अशी ओळ होती. भारद्वाज घरटी धुंडाळून अंडी-पिल्लं खातो, तो त्याचा आहार आहे. पण त्याला वाट माणसांनी मोकळी करून दिली होती.

गटापुढे तेव्हा दोन मतं होती. एक, फळाच काढून टाका. दुसरं, घरट्यांच्या नोंदी पूर्ण बंद करा. दोन्ही टाळून तिसरा मार्ग निघाला : घरट्याची जागा फळ्यावर लिहायची नाही, इमारतही नाही. नोंद बंद वहीत जाते. फळ्यावर पक्ष्याच्या वागण्याची ओळ चालते, जसं “बुलबुल चोचीत कोळ्याचं जाळं घेऊन गेला”. पिल्लं उडून गेल्यावर जागा जाहीर करायची. बुलबुलाची अंडी उबायला सुमारे १२ ते १४ दिवस लागतात आणि पिल्लं त्यानंतर साधारण तेवढ्याच दिवसांत घरटं सोडतात, म्हणजे महिनाभराचा धीर पुरतो. मुलांना हेही सांगितलं की १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमानुसार रानपक्ष्यांची अंडी-घरटी उचलणं किंवा मोडणं शिकारीत मोडतं. तरी कायद्यापेक्षा “आपण फांद्या सारल्या म्हणून गेलं” हे त्यांना जास्त लागलं.

झाडांचा निर्णय

साळुंक्यांचा प्रश्न नोंदींनी सोडवला, आणि तो ज्या रीतीने सोडवला ती कुठेही वापरता येईल. रविवारी पार्किंगची फरशी धुतली. पुढचे सहा दिवस रोज सकाळी नव्या विष्ठेच्या डागांभोवती खडूने गोल काढले. हे दोन आठवडे केलं. सगळे गोल रस्त्यावरच्या दिव्याकडे झुकलेल्या एकाच आडव्या फांदीखाली आले. बाधित जागा फक्त तीन. शिवाय वहीत दिसत होतं की थवा सूर्यास्ताच्या सुमारास येतो, उजाडताच जातो, आणि जानेवारीअखेर सोनमोहोराची पानं झडली तेव्हा तो मागच्या आंब्यावर मुक्काम हलवून गेला होता.

फांदी छाटली असती तर साळुंक्या शेजारच्या फांदीवर सरकल्या असत्या. पत्र्याची शेड घातली असती तर खर्च, परवानगी, पावसाचा आवाज आणि पत्र्यावर साठणारी फुलं. त्यापेक्षा त्या तीन जागा दिवसा येणाऱ्यांना दिल्या : रुग्णसेविका, शिकवणीला येणारे, दुरुस्तीचे कारागीर. दिवसा तिथे एकही साळुंकी नसते. रात्रीच्या तीन गाड्या पाहुण्यांच्या जागेत गेल्या. पन्हळीला जाळी बसवली. मार्च ते मे दर आठवड्याला ती साफ करावी लागते. जाळी बसवून विसरलं तर तीच तुंबते.

बुचाबद्दल उद्यान विभागाकडे रीतसर अर्ज केला. पाहणीनंतर वाळलेल्या आणि भिंतीबाहेर झुकलेल्या फांद्यांपुरती परवानगी मिळाली. काम मे महिन्यात झालं. छाटणीच्या सकाळी दोघे गच्चीवरून वीस मिनिटं दुर्बिणीने पाहत बसले. काडी किंवा किडा चोचीत घेऊन पक्षी एकाच ठिकाणी वारंवार जात असेल तर तिथे घरटं आहे असं धरायचं. एका फांदीवर तसं दिसलं, ती राहू दिली.

कोकिळेचं काहीच झालं नाही. रात्रपाळीवाल्या रहिवाशाची झोप आजही मोडते. वहीवरून त्याला एवढं कळलं की आवाज फेब्रुवारीअखेर सुरू होतो आणि ऑगस्टमध्ये जवळपास थांबतो. त्याने उन्हाळ्यापुरती झोपायची खोली बदलली. तक्रार मागे घेतलेली नाही, आणि घ्यायलाच हवी असंही नाही.

पुढच्या सप्टेंबरात झाडं तोडण्याचा ठराव मांडणाऱ्यानेच तो मागे घेतला.

पुन्हा करायचं झालं तर

घरट्याचा नियम पहिल्या दिवसापासून हवा होता. मावशी आणि सुरक्षारक्षक यांना गटातच घ्यायला हवं होतं, नंतर विचारायला नको होतं. एप्रिल-मे मध्ये नोंदी आटल्या, तेव्हा फळा बंद पडल्यासारखा वाटला. त्या काळात रकाने कमी करून एकच प्रश्न लिहिला असता तर जमलं असतं : “आज आवारात सावली कुठे होती?” घरी राहिलेल्या म्हाताऱ्यांना त्याचं उत्तर नक्की देता येतं. पावसाळ्यात छज्जाखालीही फळा भिजला, तो जूनच्या आधी जिन्याखाली हलवायला हवा.

एक काम अजून उरलंय, आणि ते तातडीचं आहे. पुनर्विकासाची बोलणी सुरू झाली आहेत. विकसकाच्या आराखड्यात झाडं हिरव्या गोलांनी दाखवलेली आहेत, त्यांतला सोनमोहोर प्रत्यक्षापेक्षा चार मीटर पूर्वेला आहे. गटाने आता प्रत्येक झाडाचा छातीच्या उंचीवरचा घेर, कुंपणापासूनचं अंतर आणि वहीतल्या बहर-घरट्यांच्या महिन्यांचा तक्ता तयार करायला घेतला आहे. हा तक्ता निविदेच्या अटींना जोडायचा की नुसता सभेपुढे ठेवायचा, यावर समितीत एकमत झालेलं नाही. अटींना जोडला तरच तो विकसकावर बंधनकारक राहील, म्हणून आधी वकिलाकडून मजकूर तपासून घेणं आणि मगच सभा बोलावणं, हा क्रम गटाने धरला आहे.